ओढणीखालचा हात

घाटाच्या पायथ्याशी एक सुतारवाडी होती. त्या वाडीत एक मुलगी राहत होती, आणि तिच्या तोंडी लागू नये असं वाडीतली वडीलधारी माणसं एकमेकांना बजावत असत. तिचं नाव केतकी मेस्त्री. तालुक्याच्या कॉलेजातून पदवी घेऊन ती घरी परतली होती, आणि "असंच चालत आलंय" एवढे शब्द कानावर पडले की तिच्या कपाळाची शीर उडायची.

या वाडीची ख्याती एकाच वस्तूसाठी होती. चोरकप्प्याची पेटी. फणसाच्या लाकडाची, पिवळीधमक, वर साधं झाकण. पण त्या पेटीच्या पोटात कुठंतरी एक कप्पा दडलेला असायचा. तो कुठं आहे ते बाहेरून दिसायचं नाही, आणि कळ ठाऊक नसेल तर अख्खा दिवस डोकं आपटूनही उघडायचा नाही.

कळ शिकवण्याची रीत ठरलेली होती. ती तोंडानं सांगायची नाही, कागदावर लिहायची नाही. पेटी घेणाऱ्याचा हात कारागिरानं आपल्या हातात घ्यायचा, लाकडावर ठेवायचा आणि हाताला शिकवायचं. जत्रेत गिऱ्हाइकांची गर्दी असली की सुतार खांद्यावरचा पंचा पेटीवर टाकत, पंच्याखाली हात घालत आणि कप्पा उघडून दाखवत. लोक टाळ्या पिटत. हात काय करतो ते कुणालाच दिसत नसे.

आणखीही एक रीत होती. ती इतकी जुनी होती की तिच्याविषयी कुणी बोलतही नसे.

आणि एक रीत केतकीला मुळीच मान्य नव्हती. कळ मुलींना शिकवायची नाही. का, तर मुलगी सासरी जाते आणि तिच्याबरोबर गुपितही जातं. केतकीचे आजोबा, विष्णू मेस्त्री, वाडीतले सगळ्यात नावाजलेले कारागीर. वाडी त्यांना आबा म्हणायची. आबांनी केतकीच्या चुलत भावांचे हात धरून त्यांना कळा शिकवल्या. भाऊ शिकले आणि फर्निचरच्या कारखान्यात नोकरीला लागले. केतकीचा हात मात्र कुणी धरला नाही.

लहानपणी ती माजघराच्या दाराआड बसायची आणि आत आबा पेटी तपासायचे. दिसायचं काही नाही, ऐकू यायचं. लाकूड घासल्याचा बारीक आवाज, मग एक अस्पष्ट टक, मग जरा थांबून दुसरा, जाडसर टक. जे हातानं शिकवलं नाही ते ती कानानं शिकली. कुणाला बोलली मात्र नाही. राग गिळून ठेवावा तशी तिनं ती विद्या पोटात ठेवली.

पुढं जत्रेत प्लास्टिकच्या डब्यांचे ढीग लागू लागले आणि पेट्यांची गिऱ्हाइकं आटली. आबांच्या शेवटच्या पेट्या माळ्यावर धूळ खात पडल्या. तेव्हा केतकीनं एक पेटी खाली उतरवली, उन्हात तिचे फोटो काढले आणि इंटरनेटवरच्या एका लिलावाच्या साइटवर टाकले.

"लिलाव?" आबांनी भुवई उंचावली. "लिलाव बुडालेल्याच्या घराचा होतो गो!"

"आबा, तिथं बोली लावणारे आपल्या दारात येत नाहीत. आपलं काम त्यांच्या दारात जातं."

"आणि पेटी हातात घेतल्याशिवाय बोली कोण लावणार?" तिचा काका बाबल म्हणाला. बाबलकाकाला प्रत्येक गोष्टीत नफा दिसायचा किंवा नुकसान दिसायचं. तिसरं काही दिसत नसे.

बोली लागल्या. दुपारी लिलाव संपायच्या वेळी निम्मी वाडी ओटीवर जमून मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. आकडा सरकला की बायका "अगो बाई" म्हणायच्या आणि बाबलकाका हात चोळायचा. शेवटी पेटी गेली ती पार उत्तरेकडच्या एका थंड देशातल्या हेल्गा नावाच्या बाईकडं. ती जुनी घड्याळं दुरुस्त करायची. बोली लावण्याआधी तिनं साइटवर एकच प्रश्न विचारला होता: कळ मला कोण शिकवणार?

केतकीनं उत्तर दिलं होतं: "मी स्वतः शिकवीन. पेटी तुमच्या हातात पोचली की."

हे उत्तर साऱ्या जगाला वाचता येईल असं तिथं लिहिलेलं होतं. केतकीनं शब्द दिला होता.

आता पेटी पाठवायची कशी? साइटची एक योजना होती. नाव मोठं गोड, 'जग तुमच्या अंगणात'. विक्रेत्यानं पार्सल फक्त मुंबईबाहेरच्या गोदामात पाठवायचं. पुढं विमान, कस्टम, परदेशातली पोच, सगळं योजनेच्या गळ्यात. "तुमची जबाबदारी आमच्या गोदामाच्या दारात संपते," असं तिथं ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. केतकीला ते वाक्य फार आवडलं. आयुष्यात पहिल्यांदाच जबाबदारी संपते असं सांगणारं कुणीतरी भेटलं होतं.

फॉर्ममध्ये विचारलं होतं: पेटीत काय आहे? तिनं लिहिलं: काही नाही. रिकामी.

"शेवटचा हात फिरवतो," म्हणत आबांनी पेटी घेतली, माजघरात नेली, तेलाच्या फडक्यानं पुसली आणि आणून दिली. केतकीनं ती भुशात बसवली, भोवती काथ्या गुंडाळला आणि पार्सल रवाना केलं.

मग सुरू झालं वाट पाहणं.

पार्सल गोदामात पोचलं. मोबाइलवर शब्द उमटला, 'मार्गस्थ'. आठवडा गेला, 'मार्गस्थ'. पौर्णिमेची अमावास्या झाली, तरी 'मार्गस्थ'. केतकीनं तक्रार लिहिली. उत्तर आलं, "आपला संदेश आमच्यासाठी मोलाचा आहे." तिनं फोन लावला. फोनवर आधी गाणं वाजलं, मग एका मुलानं सांगितलं की गोदामाची चौकशी गोदामाकडं करा. गोदामाचा नंबर? तो देता येत नाही. परदेशातली हेल्गाही तेच सोसत होती. पेटीच्या किमतीला लाजवील एवढं वाहतुकीचं शुल्क तिच्याकडून आधीच घेतलेलं होतं. त्यात काय काय धरलंय हे तिला कुणी सांगत नव्हतं. गोदाम म्हणे साइटला विचारा, साइट म्हणे योजनेला विचारा, योजना म्हणे धीर धरा.

"ही योजना म्हणजे आपल्या वाडीतली वडीलधारी माणसं," केतकी संतापून म्हणाली. "प्रश्न विचारला की गप्प बसा म्हणतात, आणि गप्प बसलं की विचारलं का नाहीस म्हणतात!"

आबांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

अखेर एक दिवस संदेश आला. "आपल्या वस्तूत दडवलेली पोकळी आढळली आहे. पोकळीत काही असल्याचा संशय आहे. उघडण्याची पद्धत लेखी कळवा. अन्यथा वस्तू कापून तपासली जाईल व नष्ट केली जाईल. चिंता नसावी. खरेदीदाराला पैसे परत मिळतील आणि आपल्यालाही आपली रक्कम मिळेल."

ओटीवर बैठक बसली.

"कळ लिहून द्यायची नाही," आबा म्हणाले. "कापू दे पेटी. गुपित तरी राहील."

"रक्कम मिळणार म्हणतायत ना?" बाबलकाका म्हणाला. "बाईचे पैसे तिला, आपले आपल्याला. कुणाचं काय गेलं? दुसरी पेटी टाक लिलावात."

केतकी उठून उभी राहिली. "कुणाचं काय गेलं? आबांनी एक पावसाळा त्या पेटीवर घातला ते गेलं. मी हेल्गाबाईंना शब्द दिला तो गेला. आबांना गुपित वाचलं म्हणजे झालं, तुम्हाला पैसे वाचले म्हणजे झालं. पेटी वाचावी असं एकालाही वाटत नाही? मी जाते गोदामात. मी उघडीन."

"तू?" आबांची मान वर झाली. "तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. माझ्या कानांनी शिकवलं. दार लावून घेत होतात आबा, पण फळ्यांना फटी होत्या."

आबांनी तिच्याकडं पाहिलं. त्यांच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. ते त्यांनी गिळलं. "जा," एवढंच म्हणाले. त्या वेळी ते बोलले असते, तर पुढचं पुष्कळ टळलं असतं.

गोदाम कसलं, एखाद्या गावाएवढं टिनाचं छप्पर होतं ते. दारावरचा पहारेकरी म्हणाला, "विक्रेत्यांना आत प्रवेश नाही. तुमची जबाबदारी इथं संपते."

जे वाक्य वाचून केतकीला हायसं वाटलं होतं, तेच आता तिच्या कानाखाली बसलं.

"माझी जबाबदारी तुमच्या दारात संपत नाही, मामा," ती म्हणाली. "ती पेटी उघडणाऱ्या हातापाशी संपते. तुमच्या साहेबांना सांगा, फणसाची पेटी उघडणारी आली आहे."

पहारेकऱ्यानं नाक मुरडलं, पण निरोप धाडला. आणि नवल म्हणजे साहेब स्वतःच धावत दाराशी आले. साटम नावाचे तपासणी अधिकारी होते ते. त्यांच्या बोटाला चिकटपट्टी होती.

"ती पेटी तुमची?" ते म्हणाले. "अहो, काय भूत आहे की काय त्यात? माझी माणसं पाळीपाळीनं बसली तिच्यापुढं. पेचकस घसरून माझं बोट फाटलं. आज संध्याकाळी कटर लावायचा हुकूम आहे."

हे ऐकून केतकीच्या छातीत काहीतरी टरारून वर आलं. एवढं मोठं गोदाम, एवढी यंत्रं, आणि आबांच्या एका पेटीनं सगळ्यांना बसवून ठेवलं होतं!

लांबलचक टेबलावर पेटी ठेवलेली होती. भुसा नाही, काथ्या नाही. कडेला पेचकसाचा पांढरा ओरखडा. केतकीनं त्यावरून अंगठा फिरवला. डोळ्यांत पाणी आलं, पण ते बाहेर पडू देण्याइतकी ती भोळी नव्हती.

"हे कुणी केलं?"

साटमांनी चिकटपट्टीचं बोट मागं घेतलं.

"उघडून दाखवा," ते म्हणाले.

"दाखवते. पण कळ दिसणार नाही. ती फक्त पेटी घेणाऱ्याची असते." केतकीनं गळ्यातली ओढणी काढली, झटकली आणि पेटीवर पसरली. जत्रेत आबा पंचा पसरत, अगदी तशी. कामगार गोळा झाले. कुणी मालाची गाडी सोडून आलं, कुणी हातातला चहा घेऊन.

तिनं ओढणीखाली हात घातले आणि मान किंचित कलती केली. ती बघत नव्हती, ऐकत होती. लाकूड बारीक घासलं. टक. ती थांबली. अंगठा दाबला, बोट सरकवलं. दुसरा टक, जाडसर.

"उघडलं वाटतं!" मागून कुणीतरी ओरडलं आणि टाळ्या वाजल्या.

केतकीनं दोन बोटं कप्प्यात घातली. रिकामा कप्पा चाचपायचा, ओढणी उचलायची, दाखवायचं, संपलं.

तिच्या बोटांना काहीतरी गोल लागलं.

गोल, गुळगुळीत, कठीण. शेजारी काहीतरी लांबट, खडबडीत. बघायची गरजच नव्हती. सुपारी. आणि हळकुंड.

एका क्षणात तिला सगळं उमगलं. ती जुनी, न बोलली जाणारी रीत. रिकामी पेटी घराबाहेर काढायची नाही. 'शेवटचा हात' फिरवायला नेलेली पेटी. ओटीवर आबांनी गिळलेला शब्द. आणि फॉर्मवर तिनं स्वतः लिहिलेला शब्द: रिकामी. परदेशी जाणाऱ्या पार्सलात फळं, बिया, मुळं घालायला योजनेची सक्त मनाई होती. त्या अटीखाली तिनं सही केली होती.

ओढणीखाली तिचा हात थांबला.

ओढणी लांबरुंद होती. तळहात मिटायचा, हात बाहेर काढताना ओढणीचा घोळ आवळायचा, बस. ना साटमांना दिसलं असतं, ना टाळ्या पिटणाऱ्यांना. पेटी विमानात बसली असती. शब्द पाळला गेला असता. आणि चूक तरी तिची कुठं होती? जुन्या खोडांनी न सांगता केलेला घोळ, तो तिनं का निस्तरायचा? ज्या योजनेनं महिनाभर 'मार्गस्थ' म्हणत तिला फसवलं, तिच्याशी खरं वागायचं कर्ज कुणाला होतं?

तळहात मिटलाही.

पण मिटलेला हात तिचाच होता. उद्या याच हातानं ती हेल्गाला कळ शिकवणार होती. कळ झाकायला अंथरलेल्या कापडाखाली दुसरंही काही झाकता येतं, हे एकदा हाताला कळलं, की मग त्या कापडाला अर्थ तो काय उरला? आणि मग तिच्यात आणि त्या 'मार्गस्थ' शब्दात फरक तो काय उरला?

केतकीनं ओढणी बाजूला केली आणि मूठ टेबलावर उघडली. सुपारी गडगडत साटमांच्या पुढ्यात जाऊन थांबली.

"कप्पा रिकामा नव्हता," ती म्हणाली. "हे आमच्या आबांनी शकुन म्हणून घातलं. मला ठाऊक नव्हतं. पण फॉर्मवर रिकामी असं मी लिहिलं आणि सही माझी आहे. तेव्हा चूक माझी."

टाळ्या थांबल्या. साटम कधी सुपारीकडं बघत, कधी ओढणीकडं.

"बाई," ते हळूच म्हणाले, "हे दडवलं असतं तर मला कळलंसुद्धा नसतं."

"मला कळलं असतं."

साटमांनी खुर्ची ओढली. नियम म्हणजे नियम. खोटी माहिती दिल्याबद्दल विक्री रद्द. विक्रेतीच्या नावापुढं लाल खूण. योजनेतून कायमची बाद. "पण मालक स्वतः हजर असेल आणि हरकतीची वस्तू स्वतः काढून देत असेल, तर पेटी नष्ट करायचं कारण उरत नाही," ते म्हणाले. "घेऊन जा. आणि… त्या ओरखड्याचं वाईट वाटतं."

"योजनेतून बाद तर बाद," केतकी म्हणाली. "जिथं पेचकस आधी चालतो आणि प्रश्न नंतर विचारतात, तिथं माझं काम मलाच पाठवायचं नाही."

तिनं पेटी ओढणीत गुंडाळली आणि ताठ मानेनं दाराबाहेर पडली. पहारेकऱ्यानं या वेळी नाक मुरडलं नाही.

घरी येऊन तिनं सुपारी आणि हळकुंड आबांसमोर ठेवलं.

आबांनी ते पाहिलं. "आमच्या सात पिढ्यांनी रिकामी पेटी घराबाहेर काढली नाही," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखा करडा होता, नजर मात्र खाली.

"सात पिढ्यांनी कस्टमचा फॉर्मही भरला नव्हता, आबा! मला एक शब्द सांगितला असतात तर? तो संदेश आला तेव्हा तरी? गोदामात माझ्याऐवजी तुमचं तोंड पडलं असतं तर कळलं असतं."

"एवढं रामायण कशाला?" बाबलकाका मध्ये पडला. "ओढणी होती ना अंगावर? घ्यायची की मुठीत! शिकलेली म्हणे. विक्री घालवून आली."

"ओढणी कळ झाकायला होती, काका. चोरी झाकायला नव्हती."

बाबलकाका आणखी काही बोलणार, तेवढ्यात आबांनी हात वर केला. वाडीत हा हात वर झाला की कुत्रीसुद्धा भुंकायची थांबत.

"बाबल, गप बस. माझ्या बापानं जत्रेत पंचा पसरला की लोक डोळे मिटून पेटी घ्यायचे. का घ्यायचे? पंच्याखाली कळीशिवाय काही दडत नाही, हा भरवसा होता म्हणून. पोर बरोबर वागली." मग केतकीकडं न बघता ते म्हणाले, "चुकलं ते माझं. सांगायला हवं होतं."

आबांच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द वाडीनं पहिल्यांदा ऐकला. केतकीला उलट उत्तर सुचलं होतं, चांगलं धारदार. तिनं ते वापरलं नाही.

त्याच दिवशी तिनं पेटी पुन्हा लिलावात टाकली. बाद ती योजनेतून झाली होती, साइटवरून नाही. योजनेचा चौकोन आता बंद होता, म्हणून तिनं दुसऱ्या चौकोनात खूण केली: विक्रेती स्वतः पाठवील. खाली तिनं घडलेलं सगळं लिहिलं. सुपारी, हळकुंड, गोदाम, विक्री का रद्द झाली ते. पेचकसाच्या ओरखड्याचा फोटो तर सगळ्यांत मोठा लावला.

"स्वतःचा दोष चव्हाट्यावर मांडून कुणी माल विकतं का?" बाबलकाकानं कपाळावर हात मारला.

बोली पहिल्यापेक्षा थोडी खालीच थांबली. पण शेवटची बोली हेल्गाचीच होती. खाली तिनं लिहिलं होतं: "मला साइटनं एवढंच कळवलं होतं की विक्रेत्याच्या चुकीमुळे विक्री रद्द. चूक काय ती आज कळली. अशी चूक करणाऱ्या माणसांकडूनच मला पेटी हवी आहे."

आता प्रश्न उरला रिकाम्या पेटीचा. आबा पेटीभोवती घुटमळत राहिले. केतकीला हसू आलं. तिनं आबांच्या हत्यारांच्या खोक्यातून एक पितळी खिळा काढला, घासून लखलखीत केला आणि त्यांच्या हातात दिला.

"हा घाला. ना बी, ना मूळ. याला कुणाची हरकत नाही."

आबांनी खिळा कपाळाला लावला आणि कप्प्यात ठेवला.

तालुक्याच्या पोस्टात केतकीनं फॉर्म भरला. लाकडी पेटी, एक. आत चोरकप्पा, एक. चोरकप्प्यात पितळी खिळा, एक. खिडकीतल्या बाईंनी चष्मा सावरून वाचलं.

"अगं, चोरकप्पा असं लिहितात का फॉर्मवर? मग तो चोर कसला राहिला?"

"चोर कप्पा आहे, मॅडम. मी नाही."

बाई खो खो हसल्या आणि त्यांनी शिक्का मारला. योजनेनं हेल्गाकडून जेवढं शुल्क घेतलं होतं, त्याच्या निम्म्यातही पोस्टाचं काम भागलं. पार्सल आज कुठं आहे, उद्या कुठं असेल, हे केतकी रोज स्वतः बघायची आणि हेल्गाला स्वतः कळवायची. एकदा पार्सल भलत्याच विमानतळावर अडकलं. केतकीनं तेही कळवलं. 'मार्गस्थ' हा शब्द तिनं एकदाही वापरला नाही.

आणि एके सकाळी मोबाइलवर हेल्गाचा चेहरा उमटला. पांढरे केस, नाकावर घड्याळजीचं भिंग. समोर फणसाची पिवळी पेटी, ओरखड्यासकट.

"आता?" आबा कुजबुजले. "हात कसा धरणार तिचा?"

"हात नाही पोचत, आबा. आवाज पोचतो."

केतकीनं मोबाइल भिंतीला टेकवून ठेवला आणि घरातल्या सगळ्यांना बाहेर काढलं. आबा तेवढे उरले, तेही पाठ करून बसले. "डोळे मिटा," ती हेल्गाला म्हणाली. "बघू नका. फक्त ऐका. अंगठा डाव्या कडेला, सावकाश. घासल्याचा आवाज येईल. आला?" घड्याळांच्या टिकटिकीत जन्म गेलेली ती बाई. तिचे कान तयारच होते. लाकूड घासलं. मग सात समुद्रांपलीकडून, त्या इवल्याशा मोबाइलमधून, केतकीच्या माजघरात आवाज आला.

टक.

आणि जरा थांबून, जाडसर, दुसरा.

हेल्गानं डोळे उघडले. तिच्या तळहातावर पितळी खिळा चमकत होता. ती हसत होती की रडत होती ते मोबाइलवर नीट दिसलं नाही. आबांना पाठमोरं बसूनही सगळं कळलं होतं, कारण त्यांचे खांदे हलत होते.

दुसऱ्या दिवशी आबांनी नव्या पेटीला फळी लावली. संध्याकाळी त्यांनी केतकीला माजघरात बोलावलं. दार लावलं नाही. तिचा हात आपल्या खरखरीत हातात घेतला आणि लाकडावर ठेवला.

"मला येतं, आबा," ती म्हणाली.

"येतं ते ठाऊक आहे," आबा म्हणाले. "रीत आहे. ती मोडली होती आम्हीच. गप बस आणि हात ढिला सोड."

केतकी आयुष्यात पहिल्यांदाच सांगितल्याबरोबर गप्प बसली.

तात्पर्य: दुसऱ्याच्या दारात आपली जबाबदारी टाकून मोकळं होता येतं, पण मान ताठ ठेवता येत नाही. कापडाखालीही ज्याचा हात खरा राहतो, त्याचंच नाव त्याच्या मालाबरोबर सातासमुद्रापार पोचतं.